शेकोटीभोवतीचं खोटं गवत: खारघरच्या मागच्या अंगणातल्या कामाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळीचे पाहुणे गेले आणि मागच्या अंगणाचा विषय परत निघाला. आमचं रो हाऊस डोंगराच्या बाजूला, मागे घराच्या पायरीपासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत २० फूट आणि रुंदी १६ फूट. तिथे आत्तापर्यंत दोनदा खरं लॉन लावून झालं, दोन्ही वेळा मे महिन्यात करपलं आणि जुलैत चिखल, शिवाय कोपऱ्यात शेवगा आहे त्याच्या खाली तर काही धरतच नाही. हिला हिरवळ पाहिजे. मला शेकोटीची जागा पाहिजे, कारण सासर पेणचं, लग्नानंतर पोपटीची, म्हणजे मडक्यात पाल्यावर भाजलेल्या वालाच्या शेंगांची, चटक लागली ती लागलीच, आणि पोपटी लावायची म्हणजे दर वर्षी कोणाच्या तरी शेताची वाट बघायची. शेवटी ठरलं असं की एक कायमची गोल शेकोटी बांधून घ्यायची आणि भोवती आर्टिफिशियल टर्फ टाकायचं. आई एवढंच म्हणाली, "विस्तव आणि प्लास्टिक शेजारी शेजारी ठेवायचं हे कोणाच्या डोक्यातून निघालं?" मी फोन आल्याचं नाटक करून आत गेलो.

१२ नोव्हेंबर

तुर्भ्याला एका दुकानात सॅम्पल बघून आलो. २५ एमएम, ३५ एमएम, ५० एमएम, असे पात्याच्या उंचीप्रमाणे भाव. ५० वाला हाताला मस्त लागतो पण खुर्ची ठेवली की आडवा होतो, म्हणून ३५ पक्का केला, ५८ रुपये फूट. शेकोटीचं सांगितल्यावर दुकानदार म्हणतो, "बिनधास्त लावा, फायरप्रूफ आहे, कडेला अगदी चिकटवून लावा." सॅम्पलचे तीन तुकडे मागून आणले.

संध्याकाळी देवाची अगरबत्ती घेतली आणि टोक नुसतं पात्याला टेकवलं. पेटलं नाही हे खरं, पण पातं एका क्षणात आकसलं, टोकाला मोहरीएवढी गोळी झाली आणि आत बॅकिंगपर्यंत भोक. मग चहाच्या चमच्यात कोळशाचा छोटा निखारा घेऊन टाकला तर टिकलीएवढा खड्डा, कडा कडक काळ्या, आणि वास असा की हिने खिडक्या उघडल्या. नंतर वाचून काढलं ते असं: पातं पॉलिएथिलीनचं, ते ११० ते १३० अंशांच्या आसपास वितळतं, खालचं विणलेलं बॅकिंग पॉलिप्रोपिलीनचं, ते १६० च्या आसपास. आणि निखारा लाल दिसतोय म्हणजे तो ६०० च्या पुढे. फायर रेटिंगवाला टर्फ म्हणजे आग पुढे पसरत जात नाही एवढाच अर्थ, वितळणार तर तो आहेच. म्हणजे शेकोटी आणि टर्फच्या मधे न वितळणारा पट्टा हवा, किती रुंद हाच खरा प्रश्न.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आखणी. शेकोटीचा मध्य घरापासून १३ फुटांवर धरला, आतून ३ फूट व्यास, भिंत ९ इंच, म्हणजे बाहेरून साडेचार फूट. घरापासून शेकोटीच्या कडेपर्यंत पावणेअकरा फूट राहतात, ठीक आहे. शेवग्याची एक फांदी बरोबर डोक्यावर येत होती ती छाटली, शेंगा शेजारच्या काकांना दिल्या म्हणजे पुढे धुराची तक्रार आली तर जरा सौम्य येईल. पट्टा मी दीड फूट धरला. का दीड, तर शहाबादी फरशीचे घरात पडलेले तुकडे तेवढ्यात बसत होते. हे इथे लिहून ठेवतो कारण पुढे यानेच मार खाल्ला.

रोलचा हिशोब मजेशीर आहे. रोलची रुंदी २ मीटर, म्हणजे ६.५६ फूट. घराकडून भिंतीकडे उभे पट्टे टाकले तर १६ फुटांत तीन लागतात आणि तिसऱ्यातला अर्ध्याहून जास्त वाया, एकूण साधारण ३९० चौरस फूट घ्यावं लागतं. तेच आडवे टाकले तर तीन पट्टे मिळून १९.६८ फूट, फक्त ४ इंच कमी पडतात. त्या ४ इंचांत भिंतीलगत खडीची नाली करायची, पाणी पण तिथेच काढायचं. मग साडेसोळा फुटांचे तीन तुकडे, साधारण ३२५ फूट, १८,८५० रुपये. तोटा एकच, पात्यांची लव, म्हणजे पाती ज्या बाजूला झुकतात ती, घराच्या दिशेने येत नाही, आडवी येते, आणि दारातून बघताना जोड नजरेला आडवे दिसतात. पावणेचार हजार वाचले, चालेल.

१७ ते १९ नोव्हेंबर

खोदाई, ५ इंच. इथली जमीन भरावाची, वरचे दोन इंच माती आणि खाली फुटक्या टाइल्स, विटांचे तुकडे, एक अख्खं पितळी कुलूप, किल्ली नाही. सव्वा ब्रासच्या (ब्रास म्हणजे १०० घनफूट) वर राडारोडा निघाला आणि सगळा बाजूच्या ३ फुटी बोळातून घमेल्याने बाहेर. दोन मजूर आणि मी. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला पायऱ्या न चढता लिफ्टची वाट बघत उभा.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान. मिस्त्री जतचा, मतदानाला गावी गेला, जाताना म्हणाला दोन दिवसांत आलो साहेब. खड्ड्याकडे बघत बसलो.

२७ नोव्हेंबर

मिस्त्री आज उगवला. निकाल लागून चार दिवस झाले, आणि गावाकडे कोण कसं पडलं ते मला चहाबरोबर तासभर ऐकावं लागलं. काम सुरू.

१ डिसेंबर, रविवार

शेकोटी उभी राहिली. बाहेरून जांभ्याचा चिरा, आतून भट्टीची वीट, आणि आतल्या विटेला फायर क्लेचा माल, साधं सिमेंट नाही, कारण साधं सिमेंट रोजच्या आचेने भुसभुशीत होऊन गळतं. यावर मिस्त्रीशी अर्धा तास वाद. त्याचं म्हणणं, "गावाकडं चुलीला काय फायर क्ले असतो का?" मी म्हटलं गावाकडं चूल दर दिवाळीला सारवतात, ही कोण सारवणार? तळाला काँक्रीट नाही, २ इंचाचा पाइप भिंतीकडच्या नालीत काढला आणि वर खडी, नाहीतर पावसात विहीर होईल. शोभेसाठी त्याने कुठूनतरी नदीचे गुळगुळीत गोटे आणले होते आतल्या कडेला लावायला. ते परत पाठवले. गोट्यात पाणी मुरलेलं असतं, आच लागली की आत वाफ कोंडते आणि गोटा फुटून तुकडे उडतात. मिस्त्रीला पटलं नाही पण गोटे घेऊन गेला.

आता आठवडाभर हात लावायचा नाही, मग तीन दिवस हलकी आच, नुसत्या काटक्या, म्हणजे विटांमधलं पाणी हळूहळू जाईल.

८ डिसेंबर, रविवार

बेस. एक ब्रास खडी, अर्धा ब्रास कच, म्हणजे दगडाची बारीक भुकटी. खडी ३ इंच, वर कच १ इंच, मधे जिओटेक्स्टाइलचं कापड. मिस्त्री धुम्मस घेऊन तयार होता पण मी एक दिवसासाठी प्लेट कॉम्पॅक्टर भाड्याने आणला, चार फेऱ्या मारल्या, प्रत्येक फेरीआधी पाणी शिंपडून. उतार घरापासून भिंतीकडे, १० फुटाला २ इंच. लेव्हल पाइपने तीनदा बघितलं. टर्फ हा कापडासारखा आहे, खाली जे असेल ते वर दिसतं, खालचा खळगा तो झाकत नाही उलट दाखवून देतो. संध्याकाळी तिरक्या उन्हात जमिनीला गाल लावून बघितलं तर शेवग्याजवळ एक खळगा दिसला, तिथे अजून दोन घमेली कच.

१४ आणि १५ डिसेंबर

टर्फ टाकला. सकाळी रोल उघडून उन्हात दोन तास पसरले म्हणजे घड्या बसतात. तिन्ही पट्ट्यांची लव एकाच बाजूला आहे का ते हाताने चोळून बघायचं, मांजराच्या पाठीसारखं, एका दिशेने मऊ आणि उलट दिशेने खरखरीत. कडेच्या दोन-तीन टाक्यांच्या ओळी कापून काढल्या, नाहीतर जोडावर रेघ दिसते.

गोल कापणं हे सगळ्यात वैतागाचं. शेकोटीच्या आत मधोमध सळई ठोकली, तिला दोरी, दोरीच्या टोकाला खडू, आणि पावणेचार फुटांवर गोल फिरवलं. सरळ कापताना पाठीकडून कापता येतं, गोलात वरूनच कापावं लागतं, पाती बाजूला करत करत. कटरची आठ ब्लेड संपली. पोरीने व्हिडिओ काढला, त्यात मी फक्त गुडघ्यांवर आणि कण्हताना दिसतोय.

जोडाखाली टेप, टेपवर दोन भागांचा पीयू गम, वर वाळूच्या गोण्या रात्रभर वजन म्हणून. चूक ही झाली की पहिला जोड दुपारी दोनला तापलेल्या टर्फवर केला, सकाळी गारव्यात टर्फ आकसला आणि पेन्सिल जाईल एवढी फट. तो उचकटून परत केला, या वेळी सकाळी आठला. नंतर १५० किलो सिलिका सँड, आणि खराट्याने घासून पात्यांच्या मुळाशी. सँड टाकायच्या आधी टर्फ लोळल्यासारखा दिसत होता, नंतर पाती उभी राहिली. रात्री हिने दारात उभं राहून बघितलं आणि म्हणाली, "जोड दिसतायत हो." दिसतात.

३१ डिसेंबर

पहिली खरी शेकोटी. बाभळीची लाकडं, दोन तास, सहा माणसं. टर्फला काही झालं नाही. दीड फूट पट्टा एकदम बरोबर आहे असं मी सगळ्यांना सांगितलं.

१८ जानेवारी २०२५, शनिवार

पोपटी! मेहुणा पेणहून वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, मडकं, दोन भारे पेंढा आणि सुक्या झावळ्या घेऊन येणार होता सहाला, आला साडेआठला, त्यात नेरूळहून एकाला उचलायचं होतं आणि डी. वाय. पाटील स्टेडियमला आज कोल्डप्लेचा कार्यक्रम, त्यामुळे त्या बाजूला सगळं ठप्प.

मडक्यात तळाला भांबुर्डी, मग शेंगा, ओवा आणि जाडं मीठ, मसाला लावलेलं चिकन पाल्यात बांधून, बटाटे, अंडी, परत शेंगा, आणि तोंडाशी भांबुर्डी अशी कोंबली की उलटं केलं तरी काही पडू नये. पाणी एक थेंब नाही, पाल्याचा जो ओलावा सुटतो त्यावर शिजतं. मडकं शेकोटीत उपडं ठेवलं, भोवती पेंढा आणि झावळ्या, आणि काडी लावली. ज्वाळा माझ्या डोक्याच्या वर गेल्या. त्या वेळी वारा खाडीकडून होता, पेंढ्याचे जळते तुकडे वर उडून पूर्वेला जात होते, काही पट्ट्यावर पडले, काही टर्फवर. पोरं टाळ्या वाजवतायत. मी पाण्याची बादली घेऊन फिरतोय. मेहुणा म्हणाला, "भावोजी, बसा की, शेतात कोण बादली घेऊन फिरतं?" शेतात खाली प्लास्टिक नसतं रे बाबा.

अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं, म्हणजे झाली. फोडली. शेंगांचा वास सांगून कळणार नाही. दुसरं मडकं अकराच्या पुढे लावलं आणि तोपर्यंत वारा फिरला होता, डोंगराकडून खाली, आणि आता ठिणग्या पश्चिमेला, जिथे चटई टाकून म्हातारी माणसं बसली होती. आईच्या शालीला एक भोक. तिने काही बोललं नाही, फक्त भोकातून बोट काढून दाखवलं.

१९ जानेवारी

उजेडात मोजणी. हिने शिवणाच्या डब्यातल्या मोत्याच्या टाचण्या आणल्या आणि प्रत्येक भोकात एक एक खोचत गेलो. एकूण २३. पूर्वेला ८, पश्चिमेला १३, घराच्या बाजूला २. वरून गच्चीतून फोटो काढला, टाचण्यांचे दोन झुबके अगदी स्पष्ट, एक संध्याकाळच्या वाऱ्याचा, एक रात्रीच्या. इथे दिवसा आणि संध्याकाळी वारा समुद्राकडून येतो, रात्री जमीन गार झाली की उलटा, डोंगराकडून समुद्राकडे, थंडीत तर नक्कीच. हे शाळेत भूगोलात शिकलो होतो, खारे वारे आणि मतलई वारे, पाच मार्काचा प्रश्न. आखणी करताना मी फक्त संध्याकाळी उभा राहून वारा बघितला होता.

टेपने मोजलं. २३ पैकी १९ भोकं पट्ट्याच्या कडेपासून दीड फुटाच्या आत. म्हणजे शेकोटीपासून ३ फूट मोकळे असते तर चारच पडली असती. आणि ३१ डिसेंबरला शून्य, तोच टर्फ, तोच पट्टा. फरक लाकडाचा. बाभूळ तडतडते, पण ठिणगी जड, जवळच पडते. पेंढा आणि झावळी म्हणजे जळता कागद, हलकं, उडतं आणि पेटलेलंच खाली येतं.

२६ जानेवारी, रविवार

डागडुजी. पट्ट्यालगतची भोकं तशीच ठेवली, तिथलं टर्फ जाणारच आहे. लांबची चार नीट करायची. भोकाभोवती चौकोन कापायचा ४ इंचांचा, फक्त बॅकिंग कापायचं खालचं कापड नाही, उरलेल्या तुकड्यातून तसाच चौकोन, खाली टेप आणि गम. पहिला चौकोन बसवला, एकदम फिट, उठून पाहतो तर गडद हिरवा ठसा, लांबूनही दिसतोय. लव उलटी लागली होती. उचकटून फिरवला. आता प्रत्येक उरलेल्या तुकड्याच्या पाठीवर मार्करने बाण काढून ठेवलेत.

८ फेब्रुवारी, शनिवार

पट्टा वाढवला. सळई, दोरी, खडू, या वेळी सव्वापाच फुटांवर. टर्फचं एक कडं निघालं, ४२ फूट भरलं, म्हणजे मी चोवीसशे रुपयांचं गवत कापून काढलं. शहाबादीच्या बाहेर आणखी दीड फूट काळी बारीक खडी, कडेला चिऱ्याची पट्टी थोडी वर काढून, खडी टर्फवर येऊ नये म्हणून. शहाबादी आणखी मिळाली असती पण खडी मुद्दाम, निखारा फरशीवर पडला की वाऱ्याने घरंगळतो, खडीत पडला की फटीत अडकून विझतो. खुर्च्या डगमगतात ही तक्रार मान्य आहे.

आता अंगणात हिरवळ कमी आणि दगड जास्त. दोन्ही बाजूंना पावणेतीन फुटांच्या हिरव्या पट्ट्या, आणि घरासमोर पावणेआठ फूट. ही म्हणाली हेच आधी केलं असतं तर टर्फ निम्मा लागला असता. कापलेल्या कड्यातला एक तुकडा मेहुण्याने ॲक्टिव्हात पाय ठेवायच्या जागी बसवला, एक आईने तुळशीपुढे घातला.

१३ मार्च, गुरुवार

होळी. सोसायटीची मोठी होळी गेटवर असते, घरी नुसत्या पाच गोवऱ्या, नारळ आणि नैवेद्य. पेंढा नाही. गोवरी ठिणगीच उडवत नाही हे लक्षात आलं. टर्फला नवीन भोक नाही.

२० एप्रिल, रविवार

दुपारी एकला पोरगी अनवाणी बाहेर पळाली आणि तेवढ्याच वेगाने ओरडत आत आली. मित्राकडची टेंपरेचर गन आणली: टर्फ ६३, शहाबादी ५१, शेवग्याखालचा टर्फ ३६. शेकोटी गार. म्हणजे आगीशिवायच हा तापतो. पाणी मारलं की एकदम खाली येतो आणि अर्ध्या तासात परत वर. पाणी वाचवायला लॉन काढलं आणि आता प्लास्टिकला पाणी पाजतोय. उन्हाळ्यात पाच वाजेपर्यंत मागचं दार बंद.

२७ मे

यंदा पाऊस २६ मेलाच मुंबईत येऊन थडकला, कोणाचीच तयारी नाही. शेकोटीवर झाकण करायचं राहिलंच होतं. राख भिजून काळं पाणी पाइपातून नालीत, नालीत शेवग्याचा पाला अडकलेला, आणि ते सगळं काळं पाणी उलटं भिंतीजवळच्या टर्फवर. छत्री धरून नालीतला पाला काढला. उतार मात्र बरोबर आहे, घराकडे एक थेंब आला नाही.

फॅब्रिकेटरला पत्र्याचं झाकण सांगितलं, मधे उंचवटा देऊन, सपाट केलं की वर तळं होतं.

१३ जुलै, रविवार

झाकण बसलं. टर्फ पावसात सुंदर दिसतो, हे कबूल, चिखल नाही, घरात पायांचे ठसे नाहीत. पात्यांमध्ये वाणी किडे फिरतात आणि शेवग्याखाली शेवाळ धरायला लागलंय, खराटा आणि पाणी. खडीच्या पट्ट्यात खरं गवत उगवलंय, भरपूर, न लावता.

२२ ऑक्टोबर २०२५, बुधवार, पाडवा

काल लक्ष्मीपूजनानंतर पोरांना सांगितलं होतं फटाके पुढे गेटवर. भाच्याने विझलेली फुलबाजीची तार मागच्या पायरीशी टाकली, विझली म्हणजे लाल नव्हती एवढंच. शेकोटीपासून नऊ-दहा फुटांवर, घराच्या अगदी दारात, ६ इंचांची सरळ रेघ, वर्षभरातलं सगळ्यात मोठं भोक.

मेहुण्याचा सकाळी फोन होता पाडव्याचा, या वर्षी पोपटी कधी विचारत होता. म्हटलं शेंगा भरू देत, आणि पेंढा आणू नकोस, गोवऱ्या आणि बाभूळ मी बघतो. तो म्हणाला गोवऱ्यांवर पोपटी म्हणजे काय पोपटी का, आणि अर्धा तास वाद. शेवटी झावळ्या चालतील, पण पहिलं मडकं आठच्या आत आणि दुसरं लावायचंच नाही, यावर मिटलं. कपाटावरून उरलेला टर्फ काढला, पाठीवरचे बाण बघून ८ इंचांचा तुकडा कापून ठेवलाय, गम उद्या आणतो.